फ्लूची महासाथ आणि लस येईपर्यंतचे महिने

साधं सर्दी-पडसं हळूहळू चढतं. आधी घसा खवखवतो, दुसऱ्या दिवशी नाक वाहू लागतं, अंग जरा कसकसतं, पण माणूस हिंडता-फिरता असतो. फ्लूचं तसं नाही. सकाळी धडधाकट कामाला गेलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून अंथरूण धरतो. ताप १०२-१०३ अंशांवर जातो, डोकं ठणकतं, पाठ आणि पिंढऱ्या भरून येतात, कोरडा खोकला सुरू होतो आणि उठून पाणी प्यायचंही त्राण राहत नाही. बहुतेक जण आठवड्याभरात बरे होतात. थकवा आणि खोकला मात्र पुढेही बरेच दिवस रेंगाळतो.

हा आजार इतका ओळखीचा आहे की गंभीर आजारांत आपण त्याला धरतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मात्र वेगळं सांगतो. दरवर्षी जगात सुमारे १०० कोटी लोकांना हंगामी फ्लू होतो, त्यातले ३० ते ५० लाख गंभीर आजारी पडतात आणि २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं श्वसनाच्या गुंतागुंतीने दगावतात. हे झालं नेहमीच्या वर्षाचं. महासाथ म्हणजे याच आजाराचा असा नवा अवतार, ज्याची जगातल्या बहुतेकांच्या शरीराला ओळखच नसते.

अशी महासाथ आली तर पहिले काही महिने तिच्यावरची लस हातात नसेल. त्या महिन्यांत किती माणसं वाचतील, हे औषधांइतकंच वस्तीवर, शाळेवर आणि शेजाऱ्यांवर ठरेल. मला या लेखात मुख्यतः हेच सांगायचं आहे. त्यासाठी आधी विषाणू थोडा समजून घेऊ.

सतत बदलणारा विषाणू

फ्लूच्या विषाणूचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार आहेत. डी मुख्यतः गुरांमध्ये आढळतो, सी माणसाला झाला तरी सौम्य असतो. दरवर्षीच्या साथी येतात त्या ए आणि बी यांच्यामुळे. आजवरच्या ज्या महासाथींचा विषाणू ओळखता आला, त्या सगळ्या ए प्रकारच्या होत्या. कारण ए हा केवळ माणसाचा विषाणू नाही. त्याचं मूळ घर म्हणजे रानबदकांसारखे पाणपक्षी. त्यांच्या आतड्यात तो बहुतेक वेळा त्यांना फारसा त्रास न देता राहतो आणि विष्ठेवाटे पाण्यात उतरतो. तिथून कोंबड्या, डुकरं, घोडे, सील अशा कितीतरी प्राण्यांपर्यंत त्याची ये-जा चालू असते.

विषाणूच्या पृष्ठभागावर दोन महत्त्वाची प्रथिनं असतात. हेमॅग्लुटिनिन, म्हणजे एच, आपल्या पेशीला चिकटतं आणि विषाणूला आत शिरू देतं. न्युरामिनिडेज, म्हणजे एन, उलट काम करतं: पेशीत तयार झालेले नवे विषाणू तिच्या पृष्ठभागाला चिकटून बसू नयेत म्हणून ते बंध तोडून त्यांना मोकळं करतं. पक्ष्यांमधल्या विषाणूंत एचचे १६ आणि एनचे ९ मुख्य प्रकार माहीत आहेत. एच१एन१, एच३एन२ ही नावं त्यांच्यावरूनच पडतात. ओसेल्टामिव्हिर हे औषध एनला अडवतं, म्हणून विषाणू शरीरभर पसरायच्या आत, शक्यतो लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतलं तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, फ्लूच्या विषाणूवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही.

या विषाणूची जनुकं आरएनएची असतात आणि त्यांची नक्कल करणारी यंत्रणा आपल्या चुका तपासत नाही. पेशीत शिरल्यावर काही तासांत हजारो प्रती निघतात आणि त्यात बारीकसारीक चुका राहून जातात. बऱ्याच चुका निरुपयोगी ठरतात. एखादीमुळे मात्र एचचा आकार किंचित बदलतो आणि गेल्या वर्षीच्या संसर्गातून किंवा लसीतून तयार झालेल्या आपल्या प्रतिपिंडांना तो नीट ओळखता येत नाही. फ्लू पुन्हा पुन्हा होतो आणि त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते, ती या सावकाश सरकण्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रयोगशाळांचं जाळं १९५२ पासून या बदलांवर डोळा ठेवून आहे. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, पुढच्या हंगामाच्या लसीत कोणते विषाणू घ्यायचे हे त्यावरून ठरतं.

महासाथ मात्र सहसा या सावकाश बदलातून येत नाही. ए विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच प्राण्याच्या एकाच पेशीत पक्ष्याचा एक विषाणू आणि माणसाचा दुसरा असे एकाच वेळी शिरले, तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तसे त्यांचे तुकडे मिसळतात आणि काही नवे विषाणू दोघांचे तुकडे घेऊन बाहेर पडतात. माणसात पसरण्याची कला माणसाच्या विषाणूची आणि वरचं एच मात्र पक्ष्याचं, अशी जोडी जमली की आपल्या प्रतिकारशक्तीला ते सगळं नवखं असतं. १९५७ मध्ये एच२एन२ विषाणू असाच आला, त्यात तीन तुकडे पक्ष्यांच्या विषाणूचे होते. १९६८ च्या एच३एन२ मध्ये दोन होते. २००९ चा एच१एन१ डुकरांमधल्या विषाणूंच्या सरमिसळीतून तयार झाला.

१९१८ आणि २००९

१९१८ ची साथ अजून सगळ्यात भीषण मानली जाते. जगातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना, म्हणजे सुमारे ५० कोटी माणसांना तिची लागण झाली आणि किमान ५ कोटी दगावली असावीत. नेहमीचा फ्लू लहानग्यांना आणि म्हाताऱ्यांना गाठतो. त्या साथीने २० ते ४० वयाची, भर उमेदीतली माणसंही मोठ्या संख्येने नेली. घरात मिळवतं आणि सांभाळतं माणूसच गेल्यावर मागे राहिलेल्यांचं काय होतं, हे कोणत्याही आकड्यात मावत नाही.

त्या वेळी डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. आजार विषाणूमुळे होतो हेही माहीत नव्हतं. अनेक जण एका जिवाणूला दोषी धरून बसले होते. माणसाचा फ्लू विषाणू १९३३ मध्ये प्रयोगशाळेत वेगळा करता आला. अलास्कामधल्या ब्रेव्हिग मिशन नावाच्या छोट्या वस्तीत नोव्हेंबर १९१८ मध्ये पाच दिवसांत ८० पैकी ७२ प्रौढ माणसं गेली होती. तिथल्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका स्त्रीच्या फुप्फुसाचा नमुना १९९७ मध्ये घेतला गेला. तो आणि जपून ठेवलेले काही जुने नमुने मिळून २००५ पर्यंत त्या विषाणूची पूर्ण जनुकीय रचना हाती आली. नंतरच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली: त्या साथीतले बहुतेक मृत्यू फ्लूपाठोपाठ फुप्फुसात शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले होते. आज त्यावर अँटिबायोटिक आहे, ऑक्सिजन आहे, न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूवरची लस आहे. या तीन गोष्टी जवळच्या दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्या असणं हीसुद्धा फ्लूचीच तयारी.

२००९ ची महासाथ त्या मानाने सौम्य होती, पण तिच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. एप्रिलमध्ये नवा विषाणू ओळखला गेला आणि ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. पहिल्या वर्षात जगात दीड लाखांपासून पावणेसहा लाखांपर्यंत मृत्यू झाले असावेत आणि त्यातले सुमारे ८० टक्के ६५ पेक्षा कमी वयाचे होते. वयस्कर माणसांच्या शरीराला त्याच्या जुन्या भाऊबंदांची थोडी ओळख होती, म्हणून ती काहीशी बचावली. कोणाला जपायचं, हे मागच्या साथीवरून ठरवता येत नाही.

बर्ड फ्लूची धास्ती

सध्या शास्त्रज्ञांची नजर एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूवर आहे. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये तो १८ जणांना झाला आणि त्यातले ६ गेले. तिथल्या सगळ्या कोंबड्या मारून ती साखळी तोडली गेली. २००३ पासून जगात नोंदल्या गेलेल्या माणसांच्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत. सौम्य आजाराच्या लोकांची तपासणीच होत नसल्याने खरं प्रमाण याहून कमी असणार, तरीही हा आकडा हलक्यात घेण्यासारखा नाही. मार्च २०२४ मध्ये हा विषाणू अमेरिकेतल्या दुभत्या गायींमध्ये सापडला, तेव्हा अनेक जाणकारांनाही धक्का बसला.

मग तो माणसामाणसांत पसरत का नाही? उत्तर आपल्या श्वासनलिकेत आहे. पेशींवर सियालिक आम्लाचे रेणू असतात आणि एच त्यांना चिकटतं. पक्ष्यांच्या विषाणूला ज्या जोडणीचे रेणू हवे असतात ते आपल्या नाका-घशात फार थोडे असतात, खोल फुप्फुसात मात्र असतात. त्यामुळे आजारी पक्ष्यांच्या फार जवळ गेलेल्याला तो होऊ शकतो आणि झाला तर जिवावर बेतू शकतो, पण शिंकेवाटे दुसऱ्यापर्यंत सहज जात नाही. ही सवय बदलायला काही मोजके बदल पुरे पडू शकतात. ते होतीलच असं नाही. म्हणूनच मेलेले पक्षी उघड्या हाताने न उचलणं, पाळीव कोंबड्या एकदम मरू लागल्या तर न लपवता कळवणं, दूध तापवूनच पिणं आणि मांस-अंडी नीट शिजवणं ही कामं आजची आहेत. कळवणाऱ्याचं नुकसान भरून मिळालं तरच तो कळवेल, हेही उघड आहे.

एक महिना आणि दहा पिढ्या

फ्लूचा वेग समजला की बाकीचं आपोआप समजतं. लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात. पण माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू पसरवू लागतो आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहतो. त्यामुळे खोकणाऱ्यांना तेवढं बाजूला ठेवून भागत नाही. एकाकडून पुढच्याला लागण व्हायला सरासरी साधारण तीन दिवस लागतात.

आता एक साधा हिशेब करू. एक रुग्ण सरासरी दोघांना लागण देतो असं धरा. तीन दिवसांची एक पिढी, म्हणजे महिन्यात दहा पिढ्या. दहाव्या पिढीत नवे रुग्ण १,०२४ होतात. तोच माणूस दोनऐवजी सरासरी दीड जणाला लागण देऊ लागला, तर दहाव्या पिढीत नवे रुग्ण असतात सुमारे ५८. दोनाचं दीड करायला चमत्कार लागत नाही. आजारी माणूस घरी थांबला, खिडक्या उघड्या राहिल्या, गर्दीचे कार्यक्रम पुढे गेले, बंद जागेत मास्क लावले गेले, हात धुतले गेले, तर या सगळ्या अपुऱ्या उपायांची बेरीज तिथवर नेऊ शकते. यातला एकही उपाय एकट्याने पुरत नाही, म्हणून तो निरुपयोगी असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

१९१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन शहरांत हे प्रत्यक्ष घडलं. फिलाडेल्फियात सप्टेंबरच्या मध्यावर रुग्ण दिसू लागले होते, तरी २८ सप्टेंबरला युद्धकर्जासाठीची भव्य मिरवणूक निघाली आणि तिला सुमारे दोन लाख लोक जमले. काही दिवसांतच रुग्णालयं भरून वाहू लागली. शाळा आणि नाट्यगृहं ३ ऑक्टोबरला बंद झाली, पण तोवर साथ हाताबाहेर गेली होती. सेंट लुईसमध्ये ५ ऑक्टोबरला पहिले रुग्ण नोंदले गेले आणि ७ तारखेलाच आरोग्य आयुक्त मॅक्स स्टार्कलॉफ यांनी गर्दीच्या जागांवर बंदी लागू केली. मृत्युदराचं शिखर तिथे फिलाडेल्फियाच्या साधारण एक अष्टमांश राहिलं. पुढे नोव्हेंबरात बंधनं सैल केल्यावर सेंट लुईसमध्येही रुग्ण पुन्हा वाढले, हे त्याच गोष्टीचं दुसरं टोक.

सामोआ बेटांची हकीकत तर अंगावर काटा आणते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून निघालेलं टालून नावाचं जहाज ७ नोव्हेंबर १९१८ रोजी, तेव्हा न्यूझीलंडच्या ताब्यात असलेल्या पश्चिम सामोआतल्या आपिया बंदराला लागलं. जहाजावर आजारी माणसं होती, तरी उतारूंना उतरू दिलं गेलं. दोनेक महिन्यांत तिथल्या लोकसंख्येपैकी पाचवा हिस्सा संपला. जवळच्याच अमेरिकन सामोआचे गव्हर्नर जॉन पोयर यांनी साथीची बातमी कानावर येताच येणारी जहाजं अडवली, बेटावरच्या लोकांनी साथ दिली, आणि तिथे या आजाराने एकही माणूस गेलं नाही. पश्चिम सामोआत जे झालं त्याबद्दल न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२ मध्ये जाहीर माफी मागितली. आज विमानांच्या काळात एखादा देश असा बंद करून साथ कायमची थोपवता येईल असं मला वाटत नाही. फार तर थोडा वेळ मिळेल, आणि त्या वेळात करायची कामं आधीच ठरलेली हवीत.

वस्तीने काय करावं

पहिली गोष्ट एका वहीत मावते. दहा-पंधरा घरांमागे एक माणूस नेमून घ्यायचा आणि त्याने नोंद करायची: एकटं कोण राहतं, अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, गरोदर कोण आहे, कोणाचं डायलिसिस चालू आहे, दमा, मधुमेह, हृदयविकाराच्या गोळ्या कोणाला लागतात, आणि आजारी पडलं तर सांभाळायला कोण येणार. ही माहिती चव्हाट्यावर येऊ नये याचीही काळजी घ्यायची. १९१८ मध्ये घरातली सगळीच माणसं एकदम आडवी पडल्यामुळे घोटभर पाण्यावाचून, दोन घासांवाचून हाल झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. रोज दाराबाहेर जेवण ठेवून हाक मारणारा शेजारी अशा वेळी जीव वाचवतो.

दुसरी गोष्ट पैशाची. 'घरी थांबा' हे सांगणं सोपं आहे. रोजच्या कमाईवर ज्याची चूल पेटते तो अंगात ताप घेऊन कामावर जाणार, कारण न जाऊन चालणार नाही. आजारपणाची भरपगारी रजा आणि रोजंदारीवरच्या माणसाला आठवडाभराचं धान्य हे मी दयेच्या खात्यात मांडणार नाही. साथ रोखण्याचे ते उपाय आहेत, लसीइतकेच खरे.

शाळांचा प्रश्न अवघड. फ्लू मुलांमध्ये झपाट्याने पसरतो आणि मुलं तो घरी आणतात, त्यामुळे लवकर शाळा बंद केल्याने साथीचा वेग कमी होतो. पण शाळा बंद म्हणजे काही मुलांचं दिवसातलं हक्काचं जेवण बंद, आणि मुलांना सांभाळायला परिचारिका, बसचालक यांनी घरी राहायचं. शाळा कधी बंद करायची, किती दिवस, जेवण कसं पोहोचवायचं, अत्यावश्यक सेवेतल्यांची मुलं कुठे ठेवायची, हे पालक आणि शिक्षकांनी शांत वेळी बसून ठरवावं. साथीच्या धामधुमीत ते नीट ठरत नाही.

घरातल्या तयारीचं थोडक्यात सांगतो. थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, साबण, मास्क आणि नेहमीच्या औषधांचा काही आठवड्यांचा साठा. रुग्णाला शक्यतो वेगळी, खिडकी उघडी राहील अशी खोली द्यावी आणि एकाच माणसाने त्याची देखभाल करावी. ती व्यक्ती गरोदर, वयस्कर किंवा जुनाट आजाराची नसेल तर बरं. लहान आणि किशोरवयीन मुलांना फ्लूमध्ये ॲस्पिरिन कधीच देऊ नये, कारण त्याने मेंदू आणि यकृताला इजा करणारा राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण घातक विकार होऊ शकतो. औषध न घेता २४ तास ताप नसेल तेव्हाच बाहेर पडावं.

धोक्याच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ असाव्यात. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, बोलण्यात गोंधळ, न थांबणाऱ्या उलट्या. बाळाच्या बाबतीत बरगड्या आत ओढत भराभर श्वास घेणं, दूध-पाणी न पिणं, आठ तास लघवी न होणं. आणि एक खूण जी हमखास नजरेतून सुटते: ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं आणि मग तो पुन्हा चढला, खोकला वाढला. हा बहुधा जिवाणूंचा न्यूमोनिया असतो. यातलं काहीही दिसलं तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

या सगळ्यात विश्वासाची बांधणी वेळ घेते. १९१८ मध्ये युद्धात गुंतलेल्या देशांनी साथीच्या बातम्या दाबल्या, अधिकारी 'काळजीचं कारण नाही' म्हणत राहिले, आणि शेजारच्या घरातून शवपेट्या निघताना पाहणाऱ्या लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवणं सोडलं. नव्या विषाणूबद्दलची माहिती आठवड्यागणिक बदलते. बोलणाऱ्याने सुरुवातीलाच सांगायला हवं की आज एवढं कळलंय, पुढच्या आठवड्यात यात बदल होऊ शकतो. ते सांगणारं माणूस लोकांच्या ओळखीचं असावं: गावातली परिचारिका, शिक्षिका, औषध दुकानदार.

लस आल्यावर

फ्लूच्या बहुतांश लसी अजूनही कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून बनतात. नवा विषाणू ओळखल्यापासून लस बाजारात यायला साधारण चार ते सहा महिने लागतात. २००९ मध्ये ती ऑक्टोबरच्या सुमारास आली, तेव्हा उत्तर गोलार्धातल्या अनेक ठिकाणी दुसरी लाट शिखरावर पोहोचत होती. एमआरएनए तंत्रात विषाणू वाढवावा लागत नाही, त्याच्या प्रथिनाची कृतीच शरीराला दिली जाते; त्याने हा काळ कमी होईल अशी आशा आहे.

तरीही पहिल्या खेपा अपुऱ्याच असणार, आणि श्रीमंत देशांनी त्या आधीच आरक्षित केलेल्या असू शकतात. २००७ मध्ये इंडोनेशियाने एच५एन१ चे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणं थांबवलं होतं. आमच्या नमुन्यांवरून बनलेली लस आम्हालाच परवडणार नाही, ही त्यांची तक्रार होती, आणि ती रास्त होती. त्यानंतर २०११ मध्ये नमुने देणाऱ्या देशांना लसीचा वाटा मिळण्यासाठी आंतरराष्ट्रीय चौकट तयार झाली.

वस्तीच्या पातळीवर लस आल्यावरचं काम बरंचसं आधीच झालेलं असेल. आरोग्य कर्मचारी, गरोदर स्त्रिया, जुनाट आजाराची माणसं आणि त्या विशिष्ट विषाणूचा ज्या वयोगटाला जास्त धोका दिसतोय तो गट आधी घ्यायचा. दहा-पंधरा घरांमागच्या वहीत त्यातली बहुतेक नावं असतात. अंथरुणावरून न उठणाऱ्यांकडे लस घेऊन कोणी जायचं, एवढं त्यात नव्याने लिहायचं.